कुणाच्याच मालकीची नसलेली गाणी आणि डंडॉकची पोरं

२२ ऑगस्ट २०२५. इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावर, पोर्ट्समथला, 'व्हिक्टोरियस' नावाचा संगीत महोत्सव चालू होता. मंचावर आयर्लंडचा एक बँड आला आणि सोबत पॅलेस्टाइनचा झेंडाही आला. आयोजकांच्या माणसाने मंचावर येऊन तो काढून नेला, बँडने घोषणा दिली आणि थोड्याच वेळात माइक बंद पडला. पडला म्हणण्यापेक्षा पाडला. आयोजकांनी आधी खापर बँडच्या घोषणेवर फोडलं, बँडने व्हिडिओच लोकांपुढे टाकला, आणि मग आयोजकांनी माफी मागितली. तोवर त्याच महोत्सवातल्या आणखी काही बँडांनी आपापले कार्यक्रम रद्द करून टाकले होते.

बातमी झेंड्याची होती. पण ज्यांनी त्या निमित्ताने या बँडचे जुने व्हिडिओ उघडले, त्यांना वेगळंच कोडं पडलं. बँडचं नाव द मेरी वॉलोपर्स, आणि त्यात मेरी नावाचं कुणीच नाही. हातात बँजो, गिटार, अकॉर्डियन. समोर विशी-पंचविशीतली हजारो पोरं घामाघूम होऊन उड्या मारतायत, आणि गाणं कुठलं, तर त्यांच्या आजोबांच्याही आधीचं. आपल्याकडे कॉलेजच्या गॅदरिंगला कुणी जुना पोवाडा लावला आणि मागच्या रांगेपर्यंतच्या पोरांनी तो तोंडपाठ म्हटला, तर जसं वाटेल तसं.

हे गौडबंगाल काय आहे, ते पायरीपायरीने पाहू.

पोरं कुठली?

डंडॉक हे आयर्लंडच्या लाउथ परगण्यातलं गाव, डब्लिन आणि बेलफास्टच्या मधे, उत्तर आयर्लंडच्या सीमेला खेटून. चार्ल्स आणि अँड्र्यू हेन्डी हे दोघे भाऊ तिथले, आणि शॉन मकेना हा त्यांचा जोडीदार. भावांनी त्याआधी काय केलं, तर विनोदी रॅप. बेकारभत्त्यावर जगणाऱ्या पोरांबद्दलची त्यांची गाणी आयर्लंडमध्ये बरीच फिरली होती. म्हणजे ही काही गुरूकडे बारा वर्षं पाणी भरून तयार झालेली मंडळी नव्हेत.

मग लोकगीतं सुरू झाली. २०१९ मध्ये छोटी ध्वनिमुद्रिका आली. मार्च २०२० मध्ये कोरोनामुळे पब बंद झाले आणि सगळ्या गाणाऱ्या-वाजवणाऱ्यांचा धंदा बसला. या तिघांनी घरातूनच थेट प्रक्षेपण सुरू केलं. पबमध्ये जसं चालतं तसंच : गाणं, टिंगल, एखादा ओळखीचा पाहुणा, पुन्हा गाणं. घरात कोंडलेल्या लोकांना त्यात नेमकं तेच मिळालं ज्याला ते मुकले होते. पब पुन्हा उघडले तेव्हा त्यांची वाट पाहणारा श्रोता तयार होता. २०२२ मध्ये पहिला अल्बम, २०२३ मध्ये दुसरा, आणि तोवर मंचावर तिघांचे सात झाले होते.

एवढ्यावर 'इंटरनेटने मोठे झाले' म्हणून मोकळं होता येईल. पण त्या काळात जगात लाखो लोक घरातून गात होते. यांच्याकडे असं काय होतं जे आयतं हाताशी होतं? त्यासाठी आधी तिथलं गाणं समजून घ्यावं लागेल.

'ट्रॅड' म्हणजे नक्की काय?

आयर्लंडमध्ये पारंपरिक संगीताला सगळे 'ट्रॅड' म्हणतात. आपणही इथून पुढे तेच म्हणू. त्यात दोन वेगळी दालनं आहेत.

एक दालन धुनांचं. शब्द नाहीत, फक्त वाद्यं, आणि मूळ हेतू नाचाचा. फिडल म्हणजे आपलं व्हायोलिनच. शिवाय लाकडी बासरी, टिन व्हिसल नावाची सहा भोकांची स्वस्त पत्र्याची शिट्टी, कॉन्सर्टिना म्हणजे दोन्ही हातांत धरायची छोटी भात्याची पेटी, अकॉर्डियन, बँजो. त्यातल्या दोन मुख्य तालांना जिग आणि रील म्हणतात. तबला ऐकलेल्या माणसाला हे समजायला अजिबात कठीण नाही. जिग सहाच्या मापात, तीन-तीन करत चालते, म्हणजे चाल दादऱ्याची. रील आठाच्या मापात पळते, म्हणजे केरव्याच्या घरातली. प्रत्येक धुनेचे साधारणपणे दोन भाग असतात, आठ-आठ मात्रागटांचे. पहिला दोनदा, दुसरा दोनदा. ही पूर्ण फेरी तीनेक वेळा झाली की न थांबता दुसऱ्या धुनेत उडी.

आणि महत्त्वाची गोष्ट : सगळे एकच सूरावट वाजवतात. एकाने मुख्य धून धरायची आणि बाकीच्यांनी खाली वेगळे सूर भरायचे, असा हा मूळचा कारभार नाही. दहा जण असले तर दहाही जण तीच धून वाजवतात, फक्त प्रत्येकाचे कण आणि मुरक्या आपापल्या. पाश्चात्त्य संगीत म्हणजे हार्मनी अशी आपली समजूत असते. इथे ती चालत नाही. आपल्या कानाला हे संगीत चटकन जवळचं वाटतं ते त्यामुळेच, असं माझं मत.

दुसरं दालन गाण्यांचं. त्याचं सर्वांत जुनं रूप 'शॅन-नोस', म्हणजे शब्दशः 'जुनी रीत' : एकच गळा, साथ नाही, आयरिश भाषेत, आणि सुरांची वळणं इतकी की ताल मोजायला जाऊ नये. पण बहुसंख्य लोक गातात ती इंग्रजीतली कथागीतं, बॅलड. कुणी परदेशी गेलं, कुणी फासावर गेलं, कुणाला जमीनदाराने घराबाहेर काढलं, कुणी दारूपायी लग्न मोडून घेतलं. आणि धुवपद असं की पहिल्यांदा ऐकणाऱ्यालाही दुसऱ्या कडव्यानंतर सोबत म्हणता यावं.

मेरी वॉलोपर्स या दुसऱ्या दालनातले. हे सांगायचं कारण, धुनावाले बॅलडवाल्यांकडे बरीच वर्षं जरा नाक मुरडूनच बघत आले. 'आमचं ते संगीत, त्यांची ती आरडाओरड' अशा थाटात. नाट्यसंगीत आणि तमाशा यांच्यातलं जुनं अंतर आठवावं.

एक कोपरा, एक टेबल

डब्लिनमध्ये स्मिथफील्ड भागात कॉबलस्टोन नावाचा पब आहे. स्वतःचं वर्णन तो असं करतो की हा दारूचाच अड्डा आहे, फक्त त्याला संगीताचा त्रास आहे. आत एका कोपऱ्यात टेबलाभोवती सात-आठ जण बसलेले असतात. मंच नाही, माइक नाही. वादकांची तोंडं एकमेकांकडे आणि पाठी श्रोत्यांकडे. याला म्हणतात सेशन.

कुणीतरी एक जण, न सांगता, फिडलवर धून सुरू करतो. दुसऱ्या ओळीला बासरी येते, मग कॉन्सर्टिना, आणि पहिली फेरी संपेपर्यंत टेबलावरचे पाच जण आत असतात. ज्याला धून येत नाही तो वाद्य मांडीवर ठेवून गप्प ऐकतो. चुकीचे सूर घालून 'साथ' करणं असभ्य. तिसऱ्या फेरीच्या शेवटी सुरू करणारा नुसती भुवई उचलतो किंवा 'हप!' असं ओरडतो, आणि सगळे एका झटक्यात पुढच्या धुनेत. कोणत्या, ते कुणी सांगितलेलं नसतं. नाव विचारलंत तर तिघे तीन नावं सांगतील आणि चौथा म्हणेल, नाव माहीत नाही, पण माझ्या मावशीकडून शिकलो.

टेबलावर एक बौरान असतो. बकऱ्याच्या कातड्याचा, एका बाजूने उघडा, आपल्या शाहिराच्या डफाचा चुलतभाऊच. एका हातात छोटा लाकडी दांडू, दुसरा हात आतून कातड्यावर दाबत सूर खालीवर करणारा. एका सेशनला एक बौरान पुरे. दुसरा आला की बाकीचे सुस्कारा टाकतात. जुना विनोद आहे : बौरान वाजवायला सगळ्यात चांगलं काय? चाकू.

पैसे? पबमालक बहुधा दोघा-तिघांना थोडं मानधन देतो, टेबल धरून ठेवायला. बाकीचे हौसेने येतात. आपल्या आळीतल्या गुरुवारच्या भजनासारखंच म्हणा. तिकीट काढून ऐकायला कुणी येत नाही, आणि हातात टाळ आला की तुम्ही मंडळात.

आता गंमत. हे दृश्य पाहून वाटतं की शेकडो वर्षं असंच चालत आलं असणार. तर नाही. पबमधलं सेशन ही बऱ्यापैकी अलीकडची गोष्ट आहे. पूर्वी गाणं-नाचणं चालायचं घरात, स्वयंपाकघरात, चौकात. १९३५ साली आयर्लंडमध्ये कायदा आला : सार्वजनिक नाचासाठी परवाना लागेल. चर्चला तरुणांच्या नाचगाण्यावर लक्ष हवंच होतं, आणि घरगुती नाचांवरही त्या कायद्याचा बडगा उगारला गेला. नाच हॉलमध्ये गेला. मग युद्धानंतर रोजगारासाठी लंडनला गेलेल्या आयरिश मजुरांनी तिथल्या पबांत वाद्यं काढली, कारण खोल्या इतक्या लहान की घरी चार माणसं बोलावणार कुठे. तिथून ती रीत मायदेशी आली. म्हणजे 'आयरिश पबमधलं प्राचीन संगीत' हे मोठ्या प्रमाणात लंडनमधल्या स्थलांतरितांनी घडवलेलं आहे.

गाणी नेमकी कुणाची?

हा या लेखाचा गाभा आहे, म्हणून इथे जरा थांबू.

अल्बमवर गाण्यासमोर गीतकाराचं नाव छापतात. या बँडांच्या अल्बमवर बऱ्याच गाण्यांसमोर फक्त एवढंच असतं : 'पारंपरिक, मांडणी बँडची'. अर्थ असा की गाण्याचा कर्ता माहीत नाही किंवा त्याचा हक्क कधीच संपला. गाणं गावच्या विहिरीसारखं. कुणीही यावं, पाणी भरावं. पण तुम्ही तुमच्या घागरीत भरून नेलेलं पाणी तुमचं : तुमची मांडणी, तुमचं ध्वनिमुद्रण, यावर हक्क तुमचा राहतो आणि त्याचं मानधनही तुम्हाला मिळतं. उद्या दुसऱ्याने तेच गाणं वेगळं मांडलं तर तुम्ही हरकत घेऊ शकत नाही.

नव्या बँडसाठी याचा अर्थ काय होतो बघा. पहिल्या दिवशी हाताशी हजारो गाणी, फुकट, आणि एवढी वर्षं लोकांच्या तोंडी टिकलेली. रद्दी गाणी केव्हाच गळून गेली आहेत. बँडला दोनच गोष्टी सिद्ध करायच्या असतात : कोणतं गाणं उचललं आणि कसं मांडलं. मेरी वॉलोपर्सनी भडक, घाईची, पंक रॉकच्या अंगाची मांडणी निवडली. रस्त्यावर डांबर ओतणाऱ्या मजुरांची, भटक्यांची, गरिबीची गाणी उचलली. आजचा घरभाड्याने पिचलेला पोरगा त्यात स्वतःला बघतो.

दुसऱ्या टोकाला बघायचं तर डब्लिनचा लँकम. हे वयाने थोडे मोठे, पण याच लाटेतले. त्यांच्या २०१९च्या अल्बमला आयर्लंडचा वर्षातल्या सर्वोत्कृष्ट अल्बमचा पुरस्कार मिळाला आणि २०२३चा अल्बम ब्रिटनच्या मर्क्युरी पुरस्काराच्या यादीत गेला. त्यांची तऱ्हा अगदी उलटी. 'द वाइल्ड रोव्हर' हे गाणं आयर्लंडमधल्या प्रत्येक पबमध्ये टेबलावर थापा मारत म्हटलं जातं. लँकमने ते दहा मिनिटांहून लांब, संथ आणि अंगावर काटा येईल इतकं अंधारं करून टाकलं. थापा मारायला जागाच ठेवली नाही. दारूने आयुष्य गेलेल्या माणसाचं ते गाणं आहे, हे बऱ्याच आयरिश लोकांच्याही तेव्हा पहिल्यांदा लक्षात आलं असणार.

ते हे साधतात कसं? खाली सतत धरून ठेवलेल्या सुराने. आपला तंबोरा जे करतो तेच. आयर्लंडच्या इल्लन पाइप्समध्ये हा धरलेला सूर मुळातच आहे. 'इल्लन' म्हणजे कोपर : या पाइप्समध्ये तोंडाने फुंकत नाहीत, काखेतला भाता कोपराने दाबून हवा भरतात. लँकमने तो सूर वाढवून भिंतीएवढा केला. त्यांची गायिका रेडी पीट कॉन्सर्टिना वाजवते, आणि चक्क पेटीही, म्हणजे हार्मोनियम. मराठी कानाला तो आवाज ओळखीचा वाटेल आणि त्याचं तिथलं काम पूर्ण अनोळखी.

लँकम हे नावही एका बॅलडमधून घेतलेलं आहे. बँडचं आधीचं नाव लिंच या आडनावावरून केलेलं होतं, पण त्या शब्दाला अमेरिकेतल्या काळ्या लोकांच्या झुंडबळींचा वास येतो म्हणून २०१६ मध्ये त्यांनी ते बदललं. नवं नाव ज्या गाण्यातलं, ते त्यांच्यापर्यंत पोचलं जॉन रायली नावाच्या गायकाच्या गळ्यातून. रायली हा आयर्लंडच्या 'ट्रॅव्हलर' समाजातला, म्हणजे भटक्या समाजातला. पिढ्यान्‌पिढ्या वस्ती हलवत जगलेले हे लोक. स्थिर समाजाने त्यांना कायम वेशीबाहेर ठेवलं, आणि गाणी मात्र त्यांच्याकडेच टिकली. १९६०च्या दशकात टॉम मनेली या संग्राहकाने रायलीचा गळा ध्वनिमुद्रित केला. इतर देशांत केव्हाच विस्मरणात गेलेली बॅलड त्याला पाठ होती. बॉयल नावाच्या गावात तो पडक्या घरात राहायचा, आणि १९६९ मध्ये हलाखीत वारला. त्याची गाणी पुढे प्लँक्स्टीसारख्या बँडांनी गायली आणि ती जगभर गेली. आयर्लंडच्या सरकारने ट्रॅव्हलर हा वेगळा वांशिक समाज आहे हे मान्य केलं ते थेट २०१७ मध्ये.

म्हणून विहिरीचं उदाहरण मी दिलं खरं, पण ते अपुरं आहे. पाणी सगळ्यांचं म्हणताना ते कुणी जपलं हेही विचारावं लागतं. गोंधळी, वासुदेव, डोंबारी यांच्या बाबतीत आपला हिशेब काही फार वेगळा नाही.

म्हणजे रातोरात वर आले की नाही?

बँड वर आला तो दोन-तीन वर्षांत. त्याखालचा पाया बराच जुना आहे.

पहिली मदत आली कागदाची. फ्रान्सिस ओनील हा कॉर्क परगण्यात १८४८ साली जन्मलेला माणूस अमेरिकेत जाऊन शिकागोचा पोलीसप्रमुख झाला. पोलीस दलात आयरिश वादकांना घ्यायचा आणि त्यांच्याकडून धुना उतरवून घ्यायचा, अशी त्याची ख्याती. १९०३ मध्ये त्याने १,८५० धुनांचा ग्रंथ छापला. आजही वादक 'ओनीलमध्ये आहे का?' असं विचारतात. दुसरी मदत तबकड्यांची. १९२०च्या दशकात स्लायगोचा फिडलवादक मायकल कोलमन याने न्यूयॉर्कला ध्वनिमुद्रणं केली, त्या तबकड्या टपालाने गावी आल्या, आणि त्याची शैली इतकी पसरली की इतर गावांच्या शैली मागे पडल्या. ध्वनिमुद्रण जपतं तसं सपाटही करतं.

तिसरी मदत संस्थेची. १९५१ साली मलिंगारमध्ये पारंपरिक वादकांची संघटना सुरू झाली, तिला थोडक्यात 'कोल्टस' म्हणतात. तिच्या शाखा आज देशोदेशी शेकड्यांनी आहेत. तिथे आठवड्याला एकदा पोरंसोरं शिकतात, आणि दर ऑगस्टमध्ये 'फ्ला' नावाचा महाउत्सव भरतो : आधी परगण्यातली फेरी, मग प्रांताची, मग अखिल आयर्लंड. बारा वर्षांखालच्या गटापासून मोठ्यांपर्यंत प्रत्येक वाद्याची स्पर्धा. त्या आठवड्यात गावात गाडी लावायला जागा मिळत नाही, आणि फुटपाथवर आठ-नऊ वर्षांची पोरं टोपी पुढे ठेवून वाजवत असतात. या व्यवस्थेतून दर वर्षी वादकांची नवी फळी बाहेर पडते. एखाद्या बॅलड बँडला अकॉर्डियनवाला हवा असेल तर गावातच मिळतो.

आणि लाटाही आल्या. १९६१ मध्ये क्लॅन्सी बंधू पांढरे विणलेले स्वेटर घालून अमेरिकन टीव्हीवर गायले आणि घरी लाज वाटणाऱ्या गाण्यांना अचानक भाव आला. मग डब्लिनर्स, १९७०च्या दशकात प्लँक्स्टी, १९८०च्या दशकात लंडनमधून पोग्ज, ज्यांनी बॅलड आणि पंक एका बाटलीत घातलं. पोग्जचा शेन मगवन २०२३ मध्ये गेला तेव्हा नीना गावच्या चर्चमध्ये अंत्यसंस्काराच्या वेळी त्याचं गाणं झालं आणि लोक चक्क नाचले. मेरी वॉलोपर्सचा वंशवृक्ष सरळ इथे जाऊन मिळतो.

'पण यांनी परंपरा बिघडवली की!'

ही तक्रार प्रत्येक पिढीत होते. उत्तर द्यायला वाद्यांचे जन्मदाखले पुरेसे आहेत. आज 'आयरिश' मानलं जाणारं बुझुकी हे वाद्य मूळ ग्रीक, ते आयर्लंडच्या संगीतात आलं १९६०च्या दशकाच्या मध्यात. बौरान खेड्यात होता, पण बैठकीतलं वाद्य म्हणून त्याला मान मिळाला १९६०च्या दशकात, शॉन ओ रिआडा या संगीतकारामुळे. बँजो अमेरिकेतून आला आणि त्याची मुळं आफ्रिकेत. अकॉर्डियन एकोणिसाव्या शतकातलं. पेटीबद्दल आपल्याकडे किती वर्षं वाद झाला आणि आज तिच्याशिवाय भजन उभं राहत नाही, हे आपण विसरतो.

खोटी पारंपरिकताही असते हे मात्र खरं. 'द फील्ड्स ऑफ ॲथनराय' हे दुष्काळावरचं गाणं स्टेडियममध्ये हजारो लोक गातात आणि त्यातल्या कित्येकांना ते एकोणिसाव्या शतकातलं वाटतं. ते १९७०च्या दशकात पीट सेंट जॉन यांनी लिहिलं. माझ्या दृष्टीने हा गाण्याचा कमीपणा नव्हे. लोकांना कर्ता विसरायला लावणं सगळ्यांना जमत नाही.

'शेवटी दारू पिऊन गायची गाणी ना?'

थोडीशी, हो. पण याला दुसरी बाजू आहे. इंग्रजांनी शतकभर व्यंगचित्रांतून आयरिश माणूस दारुडा, भांडकुदळ आणि मूर्ख रंगवला. पुढे पर्यटनाच्या धंद्याने तेच चित्र हिरव्या टोप्या घालून विकलं. त्यामुळे दारूची गाणी जोरात गाणारा बँड म्हटला की काही आयरिश लोकच कपाळाला हात लावतात. मेरी वॉलोपर्स ते चित्र पुसत नाहीत, ते अधिक भडक करून पाहणाऱ्याच्या तोंडावर फेकतात. नेहमी जमतं असं नाही. काही गाण्यांत विनोद आणि सोंग यांतली रेघ पुसट होते, निदान मला तसं वाटतं. लँकमची अंधारी वाट मला जास्त टिकाऊ वाटते. पण उड्या मारायला लँकम उपयोगाचा नाही हेही मान्य.

'गाणी गा, राजकारण कशाला?'

पोर्ट्समथनंतर हा प्रश्न बऱ्याच जणांनी विचारला. प्रश्नात गृहीत असं धरलंय की गाणी आणि राजकारण दोन वेगळ्या पिशव्यांत येतात. या गाण्यांत ते शक्य नाही. १८४५ ते १८५२ च्या बटाट्याच्या दुष्काळात सुमारे दहा लाख माणसं मेली आणि तितकीच देश सोडून गेली. त्या काळातही आयर्लंडमधून धान्य बाहेर जात होतं. घरातून हुसकावलेली कुळं, बोटीवरचे निरोप, इंग्लंडात पूल बांधताना मेलेले मजूर : कथागीतांचा मोठा भाग हाच आहे. पोवाड्यातून शिवाजी महाराज वजा करून उरलेलं गाऊन दाखवा म्हणण्यासारखं ते होईल.

हुसकावून लावलेल्या माणसांची गाणी गाणाऱ्यांना पॅलेस्टाइन जवळचं वाटतं, आणि यात हा बँड काही वेगळा पडलेला नाही. आयर्लंडच्या सरकारनेच २८ मे २०२४ रोजी पॅलेस्टाइनला राष्ट्र म्हणून मान्यता दिली. पटो न पटो, तिथे ती टोकाची भूमिका समजली जात नाही.

पोट भरतं का?

सात जण, गाडी, प्रवास, राहणं. मोठ्या महोत्सवाचं मानधन सात ठिकाणी वाटलं जातं, आणि गाणी ऑनलाइन ऐकली गेली तर हातात येणारे पैसे किरकोळ. शिवाय डब्लिनचं घरभाडं, जे युरोपातल्या सर्वांत महाग शहरांच्या रांगेत आहे.

दोन घडामोडी नोंदवण्यासारख्या. २०२१ मध्ये वर सांगितलेल्या कॉबलस्टोन पबच्या वर आणि भोवती हॉटेल बांधायचा प्रस्ताव आला. लोकांनी वाद्यं वाजवत मोर्चा काढला, शेकडोंनी हरकती घेतल्या, आणि त्या वर्षअखेरीस महापालिकेने परवानगी नाकारली. दुसरी गोष्ट, २०२२ मध्ये सरकारने २,००० कलाकारांना आठवड्याला ३२५ युरो मूलभूत उत्पन्न द्यायला सुरुवात केली, तीन वर्षांच्या प्रयोगासाठी, निवड चिठ्ठ्या टाकून. कला चांगली की वाईट हे कुणी विचारलं नाही. सरकारी पैशाने बंडखोर गाणी कशी होतील, अशी शंका येते. पण भाडं भरायची चिंता मिटली की माणूस गप्प बसतो, असा निदान गायकांचा तरी इतिहास नाही.

कधी गेलात तर

आयर्लंडमध्ये नोकरी-शिक्षणासाठी गेलेले मराठी लोक आता कमी नाहीत. त्यांच्याकडे कुणी पाहुणे म्हणून गेलात, तर सेशनला जरूर जा. वादकांच्या टेबलापाशी रिकामी खुर्ची दिसली तरी तिच्यावर बसू नका, ती वाद्यवाल्याची असते. धुना चालू असताना बोललात तर चालतं. पण कुणी डोळे मिटून, साथीशिवाय गायला लागलं की लगेच गप्प व्हायचं. ग्लाससुद्धा वाजू द्यायचा नाही.

आणि एक रीत ठाऊक असू द्या, तिला 'नोबल कॉल' म्हणतात. ज्याने गाणं म्हटलं, त्याला पुढचा गाणारा निवडायचा मान मिळतो. तो खोलीभर नजर फिरवतो आणि बोट दाखवतो. बोट परक्या पाहुण्याकडेही वळतं. गळा चांगला नाही ही सबब तिथे चालत नाही, भाषा कळणार नाही ही तर मुळीच नाही. तेव्हा जाण्याआधी जात्यावरच्या चार ओव्या नाहीतर एखादं भारूड पाठ करून ठेवा.